गिटारची पाठ बदलताना

लाकडी गिटार पाहणाऱ्याची नजर सहसा तिच्या वरच्या फळीवर, फळीतल्या गोल छिद्राभोवतीच्या नक्षीवर आणि मानेवर जडवलेल्या शिंपल्याच्या ठिपक्यांवर जाते. पाठ वादकाच्या पोटाला टेकलेली असते आणि श्रोत्यांना ती क्वचितच दिसते. म्हणूनच की काय, या पाठीविषयी दोन परस्परविरुद्ध समज रूढ झाले आहेत. एका समजानुसार पाठ हे पेटीचे नुसते झाकण आहे आणि ते कशाचेही असले तरी चालते. दुसऱ्या समजानुसार वाद्याचा सारा स्वरगुण पाठीच्या दुर्मीळ लाकडात साठवलेला असतो आणि ते लाकूड बदलले की वाद्यच बदलते. दोन्ही समज अपुरे आहेत. हाताने घडवलेल्या एखाद्या गिटारची सदोष पाठ उतरवून तिच्या जागी नवी बसवण्याची वेळ आली की पाठीचे खरे काम डोळ्यांसमोर येते. वाद्याचा आकार, आणि त्यातही मानेचा कोन, तोलून धरणे हे ते काम असून स्वरातला तिचा वाटा त्यामानाने थोडा आहे.

गिटारच्या पेटीचे मुख्य भाग तीन. वरची फळी, जिला सतार-तंबोऱ्याचे कारागीर तबली म्हणतात, ती बहुधा स्प्रूस किंवा सीडर या हलक्या आणि ताठ लाकडाची असते. दोन बाजू पातळ पट्ट्या ओल्या करून, उष्णतेने वाकवून तयार केलेल्या असतात. आणि पाठ शिसव, महोगनी, मेपल किंवा अक्रोड अशा लाकडाची, जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची असते. एवढी रुंद पाठ एकाच फळीतून सहसा निघत नाही. एक फळी जाडीतून चिरून तिची दोन पाने पुस्तकासारखी उघडतात आणि मधोमध सांधतात, म्हणजे डाव्या पानावरच्या रेषा उजव्या पानावर आरशातल्याप्रमाणे उमटतात. या सांध्याला समांतर जाणाऱ्या लाकडाच्या रेषांना आडव्या अशा, आतल्या बाजूने सहसा चार आधारपट्ट्या चिकटवतात; त्यांना ब्रेस म्हणतात. बाजूंची कड दोन मिलिमीटरचीच असल्याने तिच्यावर पाठ चिकटवायला पुरेशी जागा मिळत नाही, म्हणून कडेला आतून लायनिंग नावाची, वळावी यासाठी जागोजागी खाचा पाडलेली लाकडी पट्टी बसवलेली असते. बाहेरून पाठ आणि बाजू जिथे भेटतात तो कोपरा लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या बारीक गोटाने झाकतात. या गोटाला बाइंडिंग म्हणतात.

स्वराचा प्रश्न आधी हाती घेणे बरे, कारण पाठ बदलायची म्हटल्यावर वाद्याच्या मालकाला पहिली धास्ती त्याचीच वाटते. आजच्या स्पॅनिश गिटारला तिचे रूप देणारे आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांनी १८६२ मध्ये एक गिटार अशी घडवली की तिची तबली नेहमीच्या स्प्रूसची, पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. आवाज मुख्यतः तबलीतून येतो हे त्यांना दाखवायचे होते. ते वाद्य आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. दीडशेहून अधिक वर्षांनी, २०१८ मध्ये, लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी एका गिटारनिर्मात्याच्या आणि ध्वनिशास्त्रज्ञांच्या सहकार्याने केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा गिटार शक्य तितक्या सारख्या घडवून केवळ पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगवेगळे ठेवले गेले. त्यात ब्राझीलच्या महागड्या रोजवूडपासून स्वस्त सपेलीपर्यंतची लाकडे होती. बावन्न वादकांना ती वाद्ये लाकूड दिसणार नाही अशा रीतीने वाजवायला दिली, तेव्हा त्यांनी दिलेल्या गुणांत लाकडानुसार म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि दोन वाद्ये वेगळी ओळखण्याच्या चाचणीतही वादकांना खात्रीने ओळख पटवता आली नाही.

याचा अर्थ पाठ मूक असते असा मात्र नाही. गिटारच्या खालच्या पट्टीतला आवाज तबली, पेटीतली हवा आणि पाठ या तिघांच्या एकत्रित कंपनातून घडतो. छिद्रातून ये-जा करणाऱ्या हवेचे मुख्य कंपन सेकंदाला शंभराच्या आसपास असते, तबलीचे साधारण पावणेदोनशे ते सव्वादोनशेच्या दरम्यान, आणि पाठीचे बहुधा तबलीच्या थोडे वर. तबली आणि पाठ यांची कंपने एकमेकांच्या फार जवळ आली किंवा फार दूर गेली, तर काही ठरावीक सुरांचा भरदारपणा बदलतो. पण हे कंपन लाकडाच्या जातीपेक्षा पाठीची जाडी, तिचा फुगवटा आणि आधारपट्ट्यांचा ताठपणा यांवर अधिक अवलंबून असते, आणि या तिन्ही गोष्टी कारागिराच्या हातात असतात. म्हणजे जुन्या पाठीचे वजन, जाडी आणि ठोकल्यावर येणारा नाद नोंदवून ठेवला आणि नवी पाठ त्याच्या जवळ आणली, तर स्वर हरवण्याची भीती बरीचशी दूर होते.

धोका आहे तो दुसरीकडे. पोलादी तारांचा हलका संचही सुरात लावला की सुमारे ७० ते ७५ किलो वजनाइतका ताण मानेवर आणि पेटीवर सतत पडतो. हा ताण मानेला पुढे, तारांच्या दिशेने ओढतो. मान पेटीला जिथे जोडलेली असते तिथल्या आतल्या लाकडी ठोकळ्याची वरची कड छिद्राकडे दाबली जाते आणि खालची कड बाहेर सरकू पाहते. ती खालची कड जागेवर धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे पाठ. वर्षानुवर्षे न कुरकुरता ती हे ओझे सोसते, आणि तिला सोडवले की पेटीची ही मजबूत दावण सुटते. गिटार जुळवणीचे सारे शास्त्र या एका ठिकाणी येऊन थांबते असे म्हटले तरी चालेल.

पाठ सदोष होते म्हणजे काय होते? काही दोष लाकडाच्या जन्मापासूनचे असतात: आत दडलेली गाठ, वाळवताना आतल्या आत पडलेल्या भेगा, किडीने पोखरलेली आणि भरून काढलेली जागा, किंवा रेषा फळीच्या पृष्ठभागाला समांतर न जाता तिरक्या बाहेर पडणे. काही दोष घडणावळीतले असतात: मधला सांधा नीट न बसणे, पातळ करताना रंधा किंवा घासणीचा पट्टा एका जागी जास्त चालणे, आधारपट्टी लाकूड ओलसर असताना चिकटवणे. हाताने घडवलेल्या वाद्यात यांपैकी काही दोष पॉलिश चढवण्याआधीच ध्यानात येतात, आणि जातिवंत कारागीर त्याच वेळी पाठ उतरवतो. काही मात्र दोन-तीन उन्हाळे-पावसाळे गेल्यावरच वर येतात.

उन्हाळे-पावसाळे हा शब्दप्रयोग येथे शब्दशः घ्यायचा आहे, कारण पाठीचा मुख्य शत्रू म्हणजे हवेतल्या ओलाव्याचा चढउतार. लाकूड ओलावा घेते तेव्हा फुगते आणि देते तेव्हा आकसते. पण ही हालचाल रेषांच्या दिशेने नगण्य आणि रेषांना आडवी मोठी असते. शिवाय खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळीपेक्षा वर्तुळाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने कापलेली फळी सुमारे दुप्पट हालते. भारतीय शिसवाचे उदाहरण घेऊन ठोकळ हिशेब करता येतो. पेटीच्या रुंद भागात पाठ सुमारे ४०० मिलिमीटर रुंद असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास उतरली, तर लाकडातल्या पाण्याचे प्रमाण साधारण चार टक्क्यांनी घटते. तेवढ्याने त्रिज्येच्या दिशेने कापलेली पाठ जवळपास दीड मिलिमीटर, तर स्पर्शरेषेच्या दिशेने कापलेली पाठ तीन मिलिमीटरच्या आसपास आकसू पाहते. पाठीवर आडव्या चिकटलेल्या आधारपट्ट्यांच्या रेषा मात्र त्याच आडव्या दिशेने धावत असल्याने त्या आकसत नाहीत. पाठीला आकसायचे आहे आणि पट्टी तिला आकसू देत नाही, अशी ओढाताण सुरू होते. आधी पाठीचा मुद्दाम दिलेला फुगवटा कमी होतो, मग ती सपाट होते, आणि तरी कोरडेपणा वाढत गेला तर सर्वांत अशक्त रेषेवर तडा जातो. कोकणातल्या जुलैत पाठीला आधारपट्ट्या चिकटवल्या आणि ते वाद्य विदर्भातल्या मे महिन्यात नेऊन ठेवले, तर उत्तम लाकडाचीही हीच गत होईल. म्हणून जगभरचे गिटारनिर्माते आधारपट्ट्या चिकटवण्याची खोली ४० ते ४५ टक्के आर्द्रतेवर राखतात: वाद्य पुढे ओल्या हवेत गेले तर पाठ थोडी फुगते, आणि फुगणे लाकडाला आकसण्यापेक्षा सोसवते.

तडा गेला म्हणून लगेच पाठ बदलणे हा उतावीळपणा ठरेल. वाद्य दोन-तीन आठवडे योग्य आर्द्रतेत ठेवले की बरेच तडे आपोआप मिटतात. मग त्यांत पातळ, गरम सरस बोटाने दाबून आत उतरवतात, आणि आतून क्लीट, म्हणजे स्प्रूसचे पातळ, पतंगाच्या आकाराचे तुकडे, तड्यावर आडव्या रेषांनी चिकटवतात. मधला सांधा उकलला असेल तर तोही बहुधा बसवता येतो. जुन्या वाद्यात मूळ पाठ राखणे हेच पहिले कर्तव्य होय; तिच्यावरचे पॉलिश, झीज आणि आतली हत्यारांची खूण यांत त्या कारागिराची लिखावट असते आणि ती एकदा गेली की परत येत नाही. पाठ बदलण्याचा निर्णय तेव्हाच घ्यावा, जेव्हा दोष एका जागी नसून पाठीभर पसरलेला असतो: पाठ इतकी पातळ झालेली असते की मिटवलेल्या तड्याशेजारी नवा तडा जातो, लाकूड मुळातच हलते राहते, किंवा आधीच्या कोणी तरी नको तो गोंद तड्यांत भरून दुरुस्तीची वाटच बंद करून ठेवलेली असते.

गिटार उघडायची तर पाठीकडून, हा सर्वसाधारण नियम आहे, आणि व्हायोलिनच्या बाबतीत तो उलटा आहे. व्हायोलिनची तबली मुळातच पातळ सरसाने, पुन्हा उघडता यावी अशीच चिकटवलेली असते आणि दुरुस्तीसाठी तीच उतरवतात. गिटारच्या तबलीवर घोडी घट्ट चिकटलेली असते, फिंगरबोर्डचा, म्हणजे मानेवरच्या बोटे टेकवायच्या फळीचा, शेवटचा भागही तिच्यावरच चिकटलेला असतो आणि आवाजाचा सारा नाजूक तोल तिच्या पट्ट्यांत असतो. तिला हात लावण्यापेक्षा पाठ उघडणे केव्हाही सोपे आणि सुरक्षित. त्यामुळे तबलीच्या आतल्या पट्ट्या दुरुस्त करायच्या असल्या तरी क्वचित प्रसंगी पाठच उतरवली जाते.

पाठ उतरवण्याआधीचे काम मोजमापाचे. तारा ताणलेल्या असताना बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातुपट्टीवर, त्यांची उंची मोजतात. तारा काढून फ्रेटवर लांब सरळपट्टी ठेवतात आणि ती घोडीच्या माथ्यापाशी नेमकी कुठे येते ते टिपतात. पट्टी घोडीच्या माथ्यावरून निसटती गेली तर मानेचा कोन ठीक. ती माथ्याखाली घोडीला अडली तर मान पुढे झुकली आहे. पेटीची बाहेरची रेषा कागदावर उतरवून तिच्याबरहुकूम साचा तयार करतात, कारण बाजू या वाकवलेल्या पट्ट्या असून पाठ सुटताच त्या आपल्या जुन्या सरळपणाकडे थोड्या परतू पाहतात. साच्याविना उघडलेली पेटी काही दिवसांत कमरेपाशी एखाद-दोन मिलिमीटर पसरली, तर नवी पाठ तिच्यावर कधीच नीट बसणार नाही.

मग बाइंडिंग. पाठ टाकूनच द्यायची असेल तर कारागिराला एक सवलत मिळते: राउटरच्या पात्याने बाइंडिंग आणि पाठीचा काठ एकदमच कोरून काढता येतो आणि मधला भाग सुटतो. पण पात्याची खोली अर्धा मिलिमीटर जरी जास्त झाली तरी लायनिंग आणि बाजूची कड कापली जाते, म्हणून हातावर भरवसा असलेले कारागीर उष्णता आणि सुरी यांनाच पसंती देतात. बाइंडिंगच्या दोन्ही कडांवरचे पॉलिश धारदार पात्याने आधी चिरतात, म्हणजे ते बाजूवरून पापुद्र्यासारखे उचलले जात नाही. त्यानंतर पाठीच्या काठावर इस्त्रीसारखी तापवलेली पट्टी मिनिटभर टेकवतात. सुतारकामाचा नेहमीचा पिवळा गोंद साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडतो. जुना सरस उष्णतेबरोबर थोडे पाणीही मागतो. आता गोल टोकाची, पातळ, लवचीक पाती लायनिंग आणि पाठ यांच्या फटीत सरकवतात. पाती ढकलायची नसते. ती जिथवर सहज जाते तिथवर न्यायची आणि थांबायचे. सरस सुटताना बारीक करकर ऐकू येते. लाकूड फाटताना येणारा आवाज वेगळा, कोरडा आणि तुटक असतो, आणि तो ऐकू आला की हात मागे घेऊन उलट बाजूने यायचे. रेषा फटीत उतरत असतील त्या दिशेने पाती नेली, तर ती लायनिंगचा कपचा उचलते. सर्वांत सावध राहायचे ते दोन जागी: आधारपट्ट्यांची निमुळती टोके लायनिंगमधल्या खाचांत जिथे अडकलेली असतात तिथे, आणि मानेच्या ठोकळ्यावर, जिथे चिकटलेली जागा सर्वांत रुंद आणि गोंद सर्वांत हट्टी असतो. एका बाजूच्या कामाला अर्धा दिवस लागला तरी तो वाया गेलेला नसतो.

पाठ निघाल्यावर वाद्याचे अंतरंग उघडे पडते. तबलीची एखादी सुटलेली पट्टी, घोडीखालच्या आधारफळीवर तारांच्या गोळ्यांनी पाडलेली छिद्रे, आतून वाहून सुकलेला गोंद, हे सारे हातात आणि उजेडात येते. एरवी या जागी छिद्रातून हात घालून, आरशात पाहत काम करावे लागते. या संधीचा मोह मात्र आवरावा लागतो. तबलीच्या पट्ट्या जरा तासून आवाज मोकळा करावा असे अनेकांना अशा वेळी सुचते. पण पाठीची तक्रार घेऊन आलेल्या वाद्याची छाती कापण्याचा अधिकार दुरुस्ती करणाऱ्याला नाही. सुटलेले चिकटवावे, एवढेच.

नव्या पाठीचे लाकूड निवडताना सौंदर्य, भौतिकशास्त्र आणि कायदा या तिन्हींचा विचार करावा लागतो. मूळच्या बाजू आणि पाठ बहुधा एकाच ओंडक्यातल्या असतात, त्यामुळे नवी पाठ रंगाने आणि रेषांनी तंतोतंत जुळणे जवळपास अशक्य; जुळवून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे रेषांची घनता आणि कापणीची दिशा. नव्याने रंधलेल्या शिसवाला जांभळी झाक असते आणि उजेडात ती हळूहळू तपकिरी होत जाते, हे ध्यानात घेऊनच आजचा रंग ठरवावा लागतो. ब्राझीलचे रोजवूड, म्हणजे डालबर्जिया नायग्रा, वन्य जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात १९९२ मध्ये गेले; त्याच्या पाठीचे जुने वाद्यही सीमेपलीकडे न्यायचे तर कागदपत्रे लागतात. त्याआधीच, ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यानंतर, पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ येथील मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास आपल्या नेहमीच्या वाद्यांसाठी भारतीय शिसव, म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, वापरायला सुरुवात केली आणि बाकीचे निर्माते त्याच वाटेने गेले. पश्चिम घाटाच्या जंगलांत वाढणारे हे झाड मराठी माणसाला जुन्या पलंगांवरून, देव्हाऱ्यांवरून आणि दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवरून परिचित आहे. जगातल्या असंख्य गिटारच्या पाठी त्याच जातीच्या आहेत, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. २०१७ च्या जानेवारीपासून डालबर्जिया वंशातल्या उरलेल्या सर्व जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, तेव्हा एकेक गिटार परदेशी पाठवतानाही परवाने मागावे लागले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ही सूट ब्राझीलच्या रोजवूडला लागू नाही. त्यामुळे त्या लाकडाची पाठ खराब झाली असता जागी भारतीय शिसव घालणे हा नुसता काटकसरीचा मार्ग राहत नाही. तो पुष्कळदा शहाणपणाचाही असतो, आणि वर सांगितलेल्या प्रयोगाकडे पाहता कानाचे त्यात काही नुकसान नाही.

दोन पाने सांधण्याचे काम पाहण्याजोगे असते. दोन्ही पाने एकावर एक ठेवून त्यांच्या कडा एकाच वेळी रंध्याने सरळ करतात, मग त्या एकमेकींना भिडवून खिडकीच्या उजेडासमोर धरतात. केसाएवढी फट असली तरी उजेडाची रेघ दिसते, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत रंधा पुन्हा पुन्हा चालतो. क्लॅम्पच्या जोराने मिटवलेली फट पुढच्या कोरड्या हंगामात नक्की उघडते. सांधा सुकल्यावर पाठ जाडीला उतरवतात. अडीच मिलिमीटर हा आकडा प्रमाण असला तरी खरा निर्णय हात करतो: फळी दोन्ही हातांत धरून हळूच वाकवायची, कोपऱ्यापाशी चिमटीत धरून बोटाने ठोकायची आणि जुन्या पाठीशी ताडून पाहायची.

पाठीला फुगवटा देतात तो आधारपट्ट्यांमधून. पट्टीची चिकटवायची कड सरळ न ठेवता किंचित वक्र तासतात. रूढ वक्रता सुमारे साडेचार मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची, म्हणजे ४०० मिलिमीटर रुंदीत मधोमध चार ते साडेचार मिलिमीटरची उंची. त्याच वक्रतेच्या खोलगट तबकात फळी ठेवून, कामाच्या चौकटीच्या छताला टेकलेल्या लवचीक कांबींनी पट्ट्या दाबून धरतात. पण पाठ बदलताना नव्या वाद्यासारखे स्वातंत्र्य नसते, हे विसरून चालत नाही. बाजूंची उंची मूळ कारागिराने आपल्या फुगवट्यानुसार तासलेली असते आणि लायनिंगमधल्या खाचाही त्याच्याच पट्ट्यांच्या असतात. आपल्या तबकाला बाजू जुळवण्यासाठी त्यांच्या कडा घासून उतरवणे म्हणजे पेटीतली हवा आणि मानेचा कोन दोन्ही बिघडवणे. म्हणून पट्ट्या जुन्या खाचांना आणि फुगवटा जुन्या कडांना जुळवावा लागतो, आणि हे जुळवणे सगळ्या कामातला सर्वांत संथ भाग असतो: पाठ ठेवायची, कडांना लावलेल्या खडूची रेघ कुठे उठते ते पाहायचे, तिथला कण काढायचा, पुन्हा ठेवायची.

पेटी बंद करण्याचा क्षण तेवढाच निर्णायक. साच्यात धरलेल्या बाजूंवर पाठ ठेवून, गोंद लावण्याआधी सरळपट्टी पुन्हा फ्रेटवर ठेवतात आणि पहिल्या नोंदीशी ताडतात. येथे एका लहानशा हिशेबाचे महत्त्व कळते. मानेची टाच सुमारे १०० मिलिमीटर खोल असते, आणि मान बाराव्या फ्रेटपाशी पेटीला भेटत असेल तर तिथपासून घोडीवरच्या सॅडलपर्यंत, म्हणजे तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिथपर्यंत, सुमारे ३२० मिलिमीटर अंतर असते. टाचेची खालची कड पाठीबरोबर अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी सॅडलपाशी फ्रेटची पातळी दीड मिलिमीटरहून अधिक बदलते आणि बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पाऊण मिलिमीटरने वरखाली होते. तिथे तारेची योग्य उंची मुळात दोन-अडीच मिलिमीटर असल्याने एवढ्या फरकाने वाद्य एक तर खडखडू लागते, नाहीतर बोटांना जड जाते. स्वस्त वाद्यांवर काही दुरुस्तीवाले याच गोष्टीचा उलट उपयोग करतात: मान पुढे झुकली असेल तर पाठ टाचेपाशी सोडवून, मान मागे रेटून, पाठ त्या नव्या जागी पुन्हा चिकटवतात. स्पॅनिश पद्धतीच्या गिटारमध्ये तर मान बाजूंना कायमची गुंफलेली असते आणि ती वेगळी काढून कोन सुधारण्याची सोय नसते. तिथे पाठ चिकटली की कोन ठरला.

त्यानंतरचे काम कष्टाचे असले तरी जोखमीचे कमी. पाठीचा बाहेर आलेला काठ बाजूंच्या बरोबरीने तासतात, नव्या बाइंडिंगसाठी खाच कोरतात, बाइंडिंग वाकवून चिकटवतात आणि पोलादी पत्र्याच्या धारेने पातळी एक करतात. शिसवाची छिद्रे मोठी असल्याने ती आधी भरावी लागतात. मूळ पॉलिश लाखेचे असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला दुवाच मिळाली म्हणायची. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवताना नवा थर जुन्यात विरघळून मिसळतो आणि बाजूंवरच्या जुन्या पॉलिशशी सांधा दिसत नाही. आजच्या काही टणक लॅकरना हा गुण नसतो, आणि तिथे बाजूंसकट सारी पेटी पुन्हा रंगवायची की कोपऱ्यावर रेघ दिसू द्यायची, याचा निर्णय मालकाला विचारूनच घ्यावा लागतो.

एक गोष्ट पुष्कळदा शेवटी आठवते, ती खरे तर सर्वांत आधी करायची असते. गिटारनिर्मात्याचे नाव, गाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी बहुधा पाठीच्या आतल्या बाजूला, छिद्रातून दिसेल अशी चिकटवलेली असते. पाठ गेली की तीही जाते. म्हणून ती ओलसर करून सोडवावी, किंवा सुटत नसेल तर जुन्या पाठीचा तेवढा तुकडा पातळ तासून नव्या पाठीवर चिकटवावा, आणि तिच्या खाली स्वतंत्र चिठ्ठीवर पाठ कधी, कोणी आणि का बदलली ते लिहावे. बदललेली पाठ मूळ म्हणून खपवणे हा सरळसरळ खोटेपणा आहे. उलट नोंद केलेली पाठ वाद्याच्या इतिहासाचाच भाग होते. काढलेली पाठ, कितीही खराब असली तरी, मालकाला परत द्यावी. पुढच्या दुरुस्तीवाल्याला जाडी, रेषा आणि पट्ट्यांची मूळ जागा याविषयी तिच्याइतकी विश्वसनीय माहिती दुसरीकडे मिळणार नाही.

तारा चढवल्यावर वाद्य लगेच मालकाच्या स्वाधीन करणे इष्ट नसते. पाठ पहिल्यांदाच पूर्ण ताणाखाली येते, लायनिंगवरचा गोंद आतून पुरता सुकायला वेळ घेतो आणि पेटी हळूहळू आपली नवी बैठक शोधते. पहिल्याच दिवशी बाराव्या फ्रेटवरची उंची मोजून ठेवतात आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजतात. उंची थोडी वाढलेली असेल तर सॅडल किंचित घासून काम भागते. ती वाढतच राहिली असेल, तर मानेच्या ठोकळ्यावर पाठ पुरती चिकटलेली नाही असे समजून टाचेपाशी पाती पुन्हा तापवावी लागते.